माडाच्या वाटेने : शीव ते वाळपई

शीवच्या टेकडीवरचा किल्ला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६६९ ते १६७७ या वर्षांत उभा राहिला. इंग्रजांचा मुलूख इथे संपायचा आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. बेटावर रात्रीच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा याच ऑन्जियरने भंडाऱ्यांची पथके नेमली. माहीम, शिवडी आणि शीव इथे त्यांची ठाणी होती. मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिणारे इथूनच सुरुवात करतात. म्हणजे या शहराचा पहिला पहारेकरी दिवसा माडावर चढणाऱ्या जमातीतला होता. कमरेला कोयती, पाठीला मडके आणि गरज पडली तर हातात सोटा, असा हा माणूस.

शीव-माटुंग्याच्या बाजारात आज माडाचे सगळे काही मिळते. सोललेले नारळ, शहाळी, सुके खोबरे, हिराच्या केरसुण्या, घाण्याच्या तेलाचे डबे, ओणमच्या आधी तर नारळाची रासच. मिळत नाही तो फक्त माडावर पोट भरणारा माणूस. बहुतेक नारळ केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतून ट्रकने येतो. कोकणचा नारळ पाच-सहाशे किलोमीटरच्या आत पिकत असूनही या ढिगात कमी दिसतो. त्याचे कारण शोधायचे तर शीवहून दादर गाठावे आणि रात्री बारानंतर सुटणारी तुतारी एक्सप्रेस पकडावी.

गाडी सुटायला वेळ असतो, तेवढ्यात मुंबईचा हिशेब उरकून घेता येतो. सोळाशे सत्तरच्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे आला होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात माहीमकडच्या माडांच्या रानाचे आणि त्यांच्या सावलीत राहणाऱ्या भंडाऱ्यांचे वर्णन आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १५६३ साली, मुंबई बेट खंडाने घेतलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यात छापलेल्या ग्रंथात नारळाला स्वतंत्र प्रकरण दिले होते. माडांच्या मुळाशी कुजकी मासळी पुरायची जुनी रीत होती. इंग्रजांना त्या वासाने रोग होतो असे वाटे, म्हणून त्यांनी तिच्यावर बंदी घालून पाहिली. माडाला खत लागते आणि समुद्राकाठी मासळीइतके स्वस्त खत दुसरे नाही, हे बागायतदाराला समजावून सांगावे लागत नव्हते. साहेबाला ते समजायला वेळ लागला.

मुंबईतला माड मासळीच्या वासाने गेला नाही, तो कराने आणि जमिनीच्या भावाने गेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर परवान्याचा आणि झाडपट्टीचा बोजा आला. भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ केली, पण सरकारला दारूचे उत्पन्न हवे होते. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर, माटुंगा, शीवच्या वाड्यांवर प्लॉट पडले. १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली आणि उरलीसुरली ताडीही अधिकृतपणे बंद झाली. तिच्याऐवजी नीरा आली. पहाटे, आंबण्याआधी उतरवलेला तोच रस. मडक्याला आतून चुना लावला की आंबणे लांबते, हे सारे त्यातले शास्त्र. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या केंद्रांत मिळणारी नीरा मुख्यतः पालघरकडच्या ताडांची आणि शिंदीची. तो उत्तरेचा रस्ता झाला. आपली गाडी दक्षिणेला चालली आहे.

तेलाचा धंदा मात्र मुंबईने सोडला नाही. शिवडीत १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि दोन वर्षांनी त्याच परिसरात लिव्हर कंपनीचा साबण बनू लागला. टाटांनी १९१७ साली टाटा ऑइल मिल्स काढली. तिचे तेल गाळण्याचे काम कोचीनजवळ चाले, कारण खोबरे तिथे होते. मशीद बंदरच्या पेढ्यांवर मलबारी खोबऱ्याचे सौदे होत. तिथल्याच एका कुटुंबाने पुढे खोबरेल पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या बाटलीत आणले. दुकानदार ती बाटली ठेवायला तयार नव्हते. तेलाला सोकावलेले उंदीर प्लास्टिक कुरतडतील अशी त्यांना धास्ती. मग बाटली गोल केली, म्हणजे दात रोवायला कोपरा राहत नाही, आणि ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून दाखवली. पॅराशूटच्या निळ्या बाटलीची ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगतात. त्या कथेत कोकणचा शेतकरी कुठेच नाही, कारण त्या बाटलीतले खोबरे त्याचे नव्हते.

पहाटे तीनच्या सुमारास माणगाव येते. इथे उतरून एसटीने श्रीवर्धनला जाता येते, आणि जावेच. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या म्हणजे अर्ध्या-पाऊण एकराच्या नारळ-सुपारीच्या बागा. घरामागे वाडी, वाडीमागे पुळण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. तीन-चार पिढ्यांनी वाढवलेले माड दोन-तीन तासांत आडवे झाले. नुकसानभरपाई आधी हेक्टरी हिशेबाने ठरली, तेव्हा बागायतदार चिडले. ज्याची सारी मालमत्ता दहा गुंठे आहे त्याला हेक्टरी दराने काय मिळणार? त्याच दहा गुंठ्यांत माड, सुपारी, जायफळ, मिरी अशी थरावर थर झाडे असतात. नंतर सरकारने झाडामागे मदत द्यायचे ठरवले. रक्कम पुरेशी होती असे कोणी म्हणणार नाही, पण मोजमाप निदान बरोबर झाले. छोट्या बागायतदाराचे अर्थशास्त्र जमिनीत मोजायचे नसते, झाडांत मोजायचे असते, हे कागदावर त्या वर्षी उतरले.

नवा माड लावला तर बाणवली या कोकणी जातीला फळ धरायला सहा-सात वर्षे. तोवर खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरीत आहे.

रत्नागिरी शहरातून भाट्ये खाडीचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला सुरूचे बन आणि पावसकडे जाणारा रस्ता. इथेच १९५५ साली सुरू झालेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. बाणवली ही कोकणची जुनी उंच जात. ती ऐंशी-शंभर वर्षे जगते आणि नीट सांभाळली तर वर्षाला साधारण ऐंशी नारळ देते. केंद्राने तिच्यातून निवडलेली 'प्रताप', लक्षद्वीपहून आलेली 'चंद्रकल्पा', फिलिपाईन्सकडची 'केरा चंद्रा', उंच आणि ठेंगू जातींचे संकर, अशी कुळे इथल्या बागेत शेजारी शेजारी उभी आहेत. नाव वाचल्याशिवाय नवख्याला एक माड दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. जाणकार मात्र नारळाचा आकार, पोय आणि खोडाचा बुंधा पाहून सांगतो.

भाट्ये केंद्राची खरी कमाई 'लाखी बाग' ही. दोन माडांमध्ये साडेसात मीटर अंतर सोडावे लागते. त्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी आणि केळी, माडाच्या खोडावर मिरीचा वेल, खाली अननस. 'कोकण सुगंधा' जायफळ, 'कोकण तेज' दालचिनी, 'पन्नियूर' मिरी अशा निवडक जाती यात वापरल्या जातात. नावाप्रमाणे एवढ्या छोट्या बागेतून लाखाचे उत्पन्न मिळावे, ही कल्पना. सगळ्यांना लाख मिळतो असे नाही. पण हिशेबाची दिशा बरोबर आहे. माड महिन्याला एक झावळ आणि सहसा एक पेंड टाकतो, म्हणजे वर्षभर थोडे थोडे हातात येत राहते. जायफळ पावसाळ्यात, मिरी उन्हाळ्याच्या तोंडाला, केळी मध्येच. शिवाय झाप शाकारायला, हीर केरसुणीला, सालीचे सोडण चुलीला. आंब्याची कमाई दोन महिन्यांत येते किंवा एका अवकाळीत जाते. माडाचे तसे नसते.

इथे थोडे गणित करून पाहू. साडेसात मीटरच्या अंतराने हेक्टरी सुमारे १७७ माड बसतात. झाडामागे ८० धरले तर १४,००० नारळ होतात. सात नारळांचे एक किलो खोबरे धरले तर दोन टन खोबरे, आणि खोबऱ्यात तेल साधारण ६५ टक्के. म्हणजे उत्तम सांभाळलेल्या हेक्टरात १.३ टन तेल. कोकणच्या दमट हवेत खोबरे वाळवायला ऊन पुरत नाही, त्याला बुरशी लागते. म्हणून इथला शेतकरी सहसा खोबरे करत नाही, नारळ तसाच विकतो. केंद्र सरकार खोबऱ्याला हमीभाव जाहीर करते, २०२५ च्या हंगामासाठी गाळपाच्या खोबऱ्याला क्विंटलमागे ११,५८२ रुपये. पण खोबरेच न करणाऱ्या कोकणाला त्या घोषणेचा थेट उपयोग फारसा होत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात केरळात खोबरेलाचा भाव किलोला ४०० रुपयांच्या वर गेला. तेव्हा चढलेल्या भावाचा वारा कोकणातल्या ओल्या नारळालाही लागला, एवढेच.

कोकणी स्वयंपाकही तेलापेक्षा रसाचा. सोलकढी, आमटी, तिखले या सगळ्यांत वाटलेले खोबरे आणि नारळाचा रस. फोडणीला पळीभर तेल पुरते. तेव्हा माडाला 'तेलाचे झाड' म्हणून पाहिले तर कोकणात तो नापास होतो, आणि पोटाचे झाड म्हणून पाहिले तर पहिला येतो. हे वेगळेपण नवे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्यात सोपाऱ्यासह चार ठिकाणच्या साधूंना नारळाच्या झाडांचे दान दिल्याची नोंद आहे. अभ्यासक तो आकडा बत्तीस हजार वाचतात. दान जमिनीचे नाही, झाडांचे. म्हणजे त्या काळीही माडाचे उत्पन्न झाडामागे मोजले जात होते.

कुडाळला गाडीतून उतरले की स्टेशनाबाहेर पहिला विषय पावसाचा असतो आणि दुसरा पाडेल्याचा. चाळीस-पन्नास फूट उंचीच्या माडावर चढून नारळ पाडणारा तो पाडेली. 'पाडेली गावना नाय' हे वाक्य सिंधुदुर्गात कुठल्याही वाडीत ऐकू येते. जुने पाडेली म्हातारे झाले, मुले मुंबईत आणि गोव्यात कामाला लागली. पंचेचाळीस दिवसांनी व्हायला हवी ती पाडप तीन महिन्यांवर जाते, आणि तयार नारळ रात्री-अपरात्री आपणहून पडतात, क्वचित कौलांवरही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'माडाचे मित्र' या धर्तीवर तरुणांना शिडीच्या यंत्राने चढायला शिकवले, त्यांच्यासाठी विम्याची योजना काढली. प्रशिक्षण कोकणातही झाले. पण यंत्र मिळाले तरी चढणाऱ्याला दिवसाची मजुरी परवडली पाहिजे आणि त्याला एका दिवसात पुरेसे माड मिळाले पाहिजेत. एकेका वाडीत वीस-पंचवीस माड, तेही तीन भावांत वाटलेले. तिथे पाडेल्याचा वेळ चढण्यात कमी आणि चालण्यात जास्त जातो.

त्यात वानर-माकडांचा उपद्रव. कोवळे नारळ ती पोखरून टाकतात. गेंड्या भुंगा शेंड्याचा कोंब खातो, सोंड्या भुंगा खोड आतून पोकळ करतो. २०१६ साली तमिळनाडूत दिसलेली चक्राकार पांढरी माशी पुढे किनाऱ्याने वर सरकत आली आणि झावळ्या काजळीसारख्या बुरशीने काळ्या पडू लागल्या. तिच्यावर फवारणी करू नका, एनकार्सिया नावाचा इवला परोपजीवी कीटक तिला खातो, त्याला जगू द्या, असे शास्त्रज्ञ सांगतात. शेतकऱ्याला हातावर हात ठेवून बसायला सांगणे हा सल्ला बरोबर असला तरी पटवायला कठीण.

कुडाळजवळच मुळदे हे गाव. कृषी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात एक परका ताड वाढतो. पश्चिम आफ्रिकेतला तेलताड, ज्याच्या फळाचे पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून जहाजे भरभरून येते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे राष्ट्रीय खाद्यतेल अभियान मंजूर केले. त्यात तेलताडाखाली साडेसहा लाख हेक्टर वाढवायचे लक्ष्य होते. रोपांसाठीची मदत हेक्टरी १२,००० वरून २९,००० रुपये केली. तेलताड हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, म्हणजे माडाच्या दुप्पट-तिप्पट. आकडे पाहून कोणाचाही मोह व्हावा असे ते आहेत. याला पाणी मात्र बारमाही लागते. आणि फुलांचे परागीभवन करायला त्याचा स्वतःचा भुंगाही १९८५ साली भारतात आणावा लागला. पाहुण्याने आपला नोकरही सोबत आणावा तसे.

वेंगुर्ल्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला काही ठिकाणी सोडणांचे ढीग दिसतात. पूर्वी ते चुलीत जात. वेंगुर्ल्यात महिला काथ्या कामगारांची औद्योगिक सहकारी संस्था आहे. सोडण यंत्रात घालून तंतू सुटा करायचा, सुंभ वळायचा, पायपुसणी आणि शोभेच्या वस्तू करायच्या, असे तिचे काम. काथ्या सुटताना निघणारा भुसा दाबून त्याच्या विटा करतात. रोपवाटिका आणि शहरातल्या गच्चीवरच्या बागा त्या घेतात. शीवमधल्या एखाद्या बाल्कनीतली तुळस अशाच भुशात वाढत असेल. काथ्या मंडळ १९५३ च्या कायद्याने झाले, पण त्याचा भर बराच काळ केरळवर राहिला. सिंधुदुर्गात बायकांनी हा धंदा उशिरा उचलला आणि त्यात पैसा रोजंदारीचा, फार नाही. तरी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वर्षभर आणि स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या पैशाची किंमत आकड्यापेक्षा मोठी असते. नारळाच्या आतल्या पांढऱ्या भागातून मिळत नाही ते इथे त्याच्या सालीतून मिळते.

गोव्याची हद्द ओलांडून सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ गेले की तेलताडाचा दुसरा अर्धा भाग समजतो. इथे एका खासगी कंपनीची पामतेल गिरणी आहे आणि सिंधुदुर्ग-गोव्यातल्या काही बागायतदारांनी तिच्या भरवशावर तेलताड लावले आहेत. फळांचा घड कापला की साधारण चोवीस तासांत गिरणीत पोचला पाहिजे, नाहीतर तेलात आम्ल वाढते. गिरणी लांब असेल तर फळ झाडावरच गेले म्हणायचे. शिवाय अभियानात प्रत्येक कंपनीला ठरावीक क्षेत्र वाटून दिले जाते. त्या क्षेत्रातला शेतकरी त्याच कंपनीला घड विकतो, भाव सूत्राने ठरतो. सूत्र न्याय्य असले तर ठीक. पण हा घड घेऊन आठवडी बाजारात बसता येत नाही, शेजारणीला दोन देता येत नाहीत, देवाला वाढवता तर मुळीच येत नाही. तीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याने पिकाबरोबर गिऱ्हाईकही एकच निवडावे का, हा तेलताडापुढचा खरा प्रश्न आहे.

जगात इतरत्र हाच प्रश्न देशी ताडांच्या बाजूने सोडवायचा प्रयत्न चालू आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस भागात मकाऊबा नावाचा काटेरी देशी ताड कुरणांतच उगवतो. शेतकरी त्याची पडलेली फळे वेचून तेल आणि साबणासाठी विकत आले. आता त्याची बागायत करावी, गुरेही त्याच्याखाली चरावीत, असे तिथल्या संशोधकांचे म्हणणे. मारान्याव राज्यातल्या बायका बाबासू ताडाच्या बिया कुऱ्हाडीच्या पात्यावर फोडतात. झाडे जमीनदाराच्या कुंपणात असली तरी फळ वेचण्याचा हक्क आमचा, असा लढा त्यांनी केला आणि १९९७ साली लागो दो जुन्को या नगरपालिकेने तसा कायदाच केला. पडलेले फळ कोणाचे, यावरून कोकणातल्या सामायिक वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली आहेत. कायद्यापर्यंत ती गेली, पण ती बहुतेक वाटणीच्या दाव्यात.

कोकणात नवी लागवड करू पाहणाऱ्याला सध्या दोन दारे उघडी आहेत. जॉबकार्ड असलेल्या छोट्या शेतकऱ्याला रोजगार हमीतून फळबाग मिळते. ज्याला त्यातून मिळत नाही त्याच्यासाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. दोन्हींत नारळ बसतो आणि अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने येते. माडाला मात्र फळ धरायला आणखी तीन-चार वर्षे जायची असतात. रोपे भाट्ये केंद्रातून किंवा विद्यापीठाच्या इतर रोपवाटिकांतून घ्यावीत. बी कुठल्या माडाचे हे ठाऊक नसलेले रोप रस्त्यावरून स्वस्तात घेतले तर चूक सात वर्षांनी कळते. खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवायचे, लागवड पावसाच्या तोंडावर करायची, पहिली दोन वर्षे सावली द्यायची. मोठ्या माडाला वर्षाला पन्नास किलो शेणखत आणि आळ्यात पाणी लागते. माडाला पाणी लागत नाही हा शहरात पसरलेला समज, समुद्रकाठची चित्रे पाहून झालेला. उन्हाळ्यात न शिंपलेला माड जगतो, पण फळे गाळतो.

परतीची तुतारी संध्याकाळी सावंतवाडीहून सुटते. डब्यात असोल्या नारळांची पोती दिसतात, मुंबईतल्या लेकीसुनांसाठी भरलेली. ही पोती कुठल्याही बाजार समितीच्या आवकेत मोजली जात नाहीत. दादर, परळ, लालबाग, शीव, कुर्ला असे पोत्यागणिक घरांचे पत्ते ठरलेले असतात.